पंक्चर काढलं तरी चाक पुन्हा बसतंय? नागपूरच्या मुरूम-पांदण रस्त्यांवर ग्रॅव्हल सायकल चालवणाऱ्यांसाठी

रविवारी पहाटे काटोल रोडने बाहेर पडलात, कळमेश्वर, मोहपा करत संत्र्याच्या बगीच्यांमधून फिरलात. वाटेत पंक्चर झालं, ट्यूब बदलली, घरी पोचलात. सोमवारी सकाळी बघता तर तेच चाक बसलेलं. हवा भरली, ती संध्याकाळपर्यंत टिकली आणि मंगळवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग ट्यूबच खराब निघाली, टायर पातळ आहे, दुकानदाराने जुना माल दिला असे निष्कर्ष निघतात. नवी ट्यूब येते आणि पुढच्या रविवारी तीही बसते.

माझं मत असं की आपल्याकडची ही वारंवार होणारी पंक्चरं बहुतेक वेळा नवी नसतातच. पहिल्याच काट्याचं टोक टायरच्या जाडीत मोडून राहिलेलं असतं आणि तेच एकामागून एक ट्यूब खात असतं. ट्यूबवर कितीही खर्च करा, शोध टायरमध्येच घ्यावा लागतो. उरलेली काही कारणं आहेत, व्हॉल्व्ह, रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी), सुटलेलं ठिगळ, वाळलेलं सीलंट (छिद्र आपोआप बुजवायला टायरमध्ये टाकतात तो द्रव). त्यांच्याकडेही येतो, पण आधी काटा.

इंटरनेटवरचे ग्रॅव्हलचे, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवर सायकल चालवण्याचे, सल्ले वाचताना एक ध्यानात ठेवा. त्यातले पुष्कळसे युरोपातल्या रस्त्यांवर तयार झालेत. तस्कनीतल्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांवरून जाणारे पांढरे खडीचे रस्ते, किंवा २०२२ साली ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली तो इटलीतला व्हेनेतो प्रांत. तिथे भीती धारदार दगडाने टायर चिरण्याची, म्हणून हलका, लवचीक टायर आणि कमी हवा हा सल्ला तिथे चालून जातो. आपल्या कामाचे सल्ले अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या सायकलवाल्यांचे. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडे ज्या 'गोटहेड' काट्याने लोक हैराण आहेत, तो म्हणजे आपला सराटा. मूळचा आपल्याच बाजूच्या जगातला, नंतर तिकडे पोचलेला. त्यामुळे ते लोक काट्यांबद्दल जे लिहितात ते वावराच्या कडेने सायकल चालवणाऱ्याला जसंच्या तसं लागू पडतं.

काटा येतो कुठून

हे कळलं की अर्धी पंक्चरं रस्ता निवडतानाच टळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली बाभूळ. पांदण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तीच असते. तिचे पांढरट काटे जोडीने येतात, कोवळ्या फांदीवर बोटभर लांबीचे. झाडावर असेपर्यंत त्यांचा आपल्याला त्रास नाही. त्रास फांदी खाली आली की सुरू होतो. उन्हाळ्यात बकऱ्या चारणारे पाल्यासाठी आणि शेंगांसाठी फांद्या पाडतात. पीक उभं असताना रानडुकरांच्या भीतीने शेतकरी धुऱ्यावर (बांधावर) काट्या रचतात, आणि पीक निघालं की त्याच काट्या बंडी जायला वाट हवी म्हणून ओढून बाजूला केल्या जातात. ओढताना जे गळतं ते बरोबर चाकोरीत पडतं, आणि आपणही मुरूम दबलेला असतो म्हणून चाकोरीतूनच सायकल चालवतो.

दुसरी वेडी बाभूळ. नाल्याकाठी, पडीक जागेत माजलेली. तिचा काटा वाळला की लाकडासारखा कडक होतो. आत शिरला की वर दिसणारा भाग रस्त्याला घासून मोडतो आणि टोक टायरमध्ये राहतं. बाहेरून हात फिरवलात तर काहीच लागत नाही. आपल्या तक्रारीचा मुख्य आरोपी हाच.

तिसरी बोराटी. तिच्या काट्यांची जोडी विचित्र असते, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. वाकडा सहसा टायरच्या वरच्या थरातच अडकतो, आत जातो तो सरळ.

सराटा जमिनीलगत पसरतो. पिवळं फूल, आणि वाळल्यावर फळाचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन-दोन मोठे काटे. तुकडा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. पावसाळा संपला की हा वाळायला लागतो आणि सायकल रस्त्यावरून खाली उतरवून कडेच्या मोकळ्या जागेत उभी केली की चाकाला डझनभर चिकटतो. ट्यूबवर बारीक छिद्रांची रांगोळी दिसली तर सराटा समजा. विसाव्याला थांबायचं असेल तर सायकल डांबरावर किंवा दबलेल्या मुरमावर ठेवा. झाडाखालच्या गवतात आडवी टाकू नका.

आणि संत्रा. फळ देणारी नागपुरी संत्र्याची डहाळी फारशी काटेरी नसते, त्यामुळे बगीच्यात शिरताना कुणाच्या मनात काट्याची शंका येत नाही. पण कलम बांधलेलं असतं जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, आणि त्या खुंटातून फुटणारे पानसोट, म्हणजे जोमाने वाढणारे नको असलेले फुटवे, चांगलेच काटेरी असतात. शेतकरी ते काढून टाकतो. फळं तोडून झाली की वाळलेल्या काड्याही, म्हणजे सल, छाटतो. संत्र्याचे बहार दोन: आंबिया बहाराची तोडणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. छाटलेला माल बगीच्याबाहेर पांदणीच्या कडेला येऊन पडतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या काट्याला कुणी मानांकन दिलेलं नाही, पण टायरमध्ये तोही सापडतो. आपला सायकलचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे छाटणीचा आणि धुरे साफ करण्याचाही तोच हंगाम. थंडीत पंक्चरं वाढतात ती यामुळे.

एक काटा झाडाचा नसतो. अमरावती रोड, आउटर रिंग रोड किंवा जबलपूरच्या बाजूचा हायवे, जिथे ट्रकचे टायर फुटून कडेला पडतात तिथे त्यांतल्या तारेचे केसासारखे तुकडे पसरलेले असतात. पांदणीपर्यंत पोचायला हायवेची कडा धरावीच लागते. ही तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र टोचते.

आधी हवा किती वेळात जाते ते बघा

घाईने चाक खोलू नका. नेहमीइतकी हवा भरा आणि वाट बघा, कारण हवा जायला लागणारा वेळ पुष्कळ काही सांगतो.

पाच-दहा मिनिटांत बसलं तर छिद्र मोठं आहे किंवा ट्यूब फाटली आहे, ते लगेच सापडेल. तास-दोन तासांत बसलं तर काटा अजून आत आहे, नाहीतर एकाच काट्याने केलेली दोन छिद्रं असून तुम्ही त्यातलं एकच बुजवलंय. रात्रभरात बसलं तर मोडकं टोक, तार, व्हॉल्व्ह किंवा कडेने सुटलेलं ठिगळ. आठवड्याभरात हवा थोडी उतरली तर तो दोष नाही. साध्या ब्युटाइल ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, आणि लेटेक्सची ट्यूब असेल तर रोज भरावी लागते.

छोट्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड भरला असेल तर एक वेगळाच घोटाळा होतो. हा वायू ब्युटाइल रबरातून साध्या हवेच्या कितीतरी पट वेगाने निघून जातो. वाटेत सिलिंडर वापरून चाक उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी ते मऊ झालं तर पंक्चर शोधत बसू नका. घरी आल्यावर तो वायू सोडून पंपाने हवा भरा आणि मग एक रात्र थांबा.

व्हॉल्व्हची परीक्षा दोन मिनिटांची आहे. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हच्या टोकावर थुंकी किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा आणि बुडबुडा येतो का बघा. आटे असलेल्या नळीचा छोटा पंप वापरत असाल तर ती नळी सोडवताना व्हॉल्व्हचा आतला गाभाही थोडा सैल होतो. तो हलकेच आवळला की कित्येक 'स्लो पंक्चरं' तिथेच मिटतात. गाभा आवळायचं प्लॅस्टिकचं हत्यार कुठल्याही सायकल दुकानात मिळतं, खिशात मावतं.

चाक खोलताना खूण जपा

टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर ठेवा. हे शोभेसाठी नाही. ट्यूबमध्ये छिद्र सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजून काटा कुठे असावा ते चटकन कळतं. ट्यूब कुठल्या बाजूने बसली होती तेही विसरू नका, नाहीतर जागा डावीकडची की उजवीकडची यात गोंधळ होतो. गोंधळ झालाच तर दोन्ही जागा तपासा.

ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात फिरवा. वाटेत असाल आणि पेंचच्या नहराला रब्बीचं पाणी सुटलेलं असेल तर तेही चालतं, मात्र नहराचे काठ निसरडे असतात, ट्यूब धुताना स्वतः आत जाऊ नका. पाणी नसेल तर फुगवलेली ट्यूब ओठांजवळून फिरवा, गार झुळूक लागते.

छिद्र ट्यूबच्या कुठल्या अंगाला आहे यावर पुढचं सगळं ठरतं. रस्त्याकडच्या अंगाला असेल तर काटा किंवा तार. रिमच्या अंगाला असेल तर रिम टेप सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची कड ट्यूबला कापते आहे, अशा वेळी टायरमध्ये काटा शोधणं म्हणजे वेळ घालवणं. टेप काढून रुंदी बघा, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ती फार अरुंद असेल तर पुन्हा सरकणारच. शेजारीशेजारी दोन उभ्या फटी असतील तर हवा कमी होती आणि दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चेपली गेली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेत टायर रिमवर सरकत होता, किंवा पंप मारताना व्हॉल्व्ह हिसडला गेला. ती ट्यूब ठिगळाने सुधरत नाही, टाकून द्या.

एक छिद्र सापडलं की लोक थांबतात. थांबू नका. बाभळीचा लांब काटा, विशेषतः हवा उतरलेल्या चाकावर थोडं अंतर चाललात तर, ट्यूबच्या एका अंगातून शिरून दुसऱ्या अंगातून बाहेर येतो. वरचं बुजवलं आणि खालचं राहिलं की तासाभरात चाक पुन्हा खाली. ठिगळ लावल्यावर ट्यूब परत एकदा पूर्ण पाण्यातून फिरवा.

कापसाची युक्ती

नोव्हेंबर-डिसेंबरात काटोल, सावनेरकडच्या रस्त्यांना बाभळींवर कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात. कापसाच्या गाड्या जाताना काट्यांनी ओढून घेतलेले. टायरमधला काटा शोधायला तेच वापरायचं.

टायर रिमवरून पूर्ण उतरवा. कापसाचा सैल बोळा घेऊन टायरच्या आतून हळूहळू फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट दिशेने. उलट दिशा महत्त्वाची, कारण तिरपा शिरलेला काटा एकाच बाजूने धागा पकडतो. जिथे तंतू अडकला तिथे काहीतरी आहे. बोट फिरवूनही सापडतं, पण तारेचा तुकडा नखाखाली शिरला की पुढची राइड हातात पट्टी बांधून करावी लागते. मेडिकलमधला गुंडाळलेला कापूसही चालतो, फक्त तो पिंजून सैल करून घ्या.

कापूस अडकला नाही म्हणजे टायर साफ असं मात्र नाही. मोडकं टोक कधीकधी रबरात इतकं खोल बसतं की टायर हातात असताना ते आत दिसत नाही. चाकावर वजन आलं आणि टायर दबला की तेवढं पुढे येतं आणि ट्यूबला टोचतं. चालवताना हवा जाते आणि उभी ठेवलेली सायकल ठीक राहते, असा अनुभव येत असेल तर हेच कारण धरा. ट्यूबवरच्या छिद्रासमोरचा भाग घ्या, टायर बाहेरच्या बाजूने उलटा वाकवा म्हणजे रबरातल्या बारीक चिरा उघडतात, आणि उजेडात एकेक चीर बघा. तपकिरी किंवा काळा ठिपका दिसला तर सेफ्टी पिनने कोरा. पायात मोडलेला काटा जसा आजूबाजूला दाबून वर आणतात तसंच इथे करायचं. आतून दाभणाच्या टोकाने बाहेर ढकलता आला तर उत्तम. गावाकडे काटा काढायचा बारीक चिमटा मिळतो, सायकलच्या पिशवीत तो ठेवा. महागड्या मल्टिटूलमध्ये हे काम करणारं काही नसतं.

काम कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो. पण बगीच्यांच्या पट्ट्यात नियमित जाणाऱ्याने पंक्चर नसतानाही अधूनमधून हे करावं. आज अर्ध्यावर असलेला काटा पुढच्या राइडमध्ये पूर्ण आत जातो.

ठिगळ सुटतं ते का

सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की आतला द्रव उडू लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात ती काही आठवड्यांत आतून कोरडी पडते, बाहेरून मात्र भरलेली वाटते. दर हंगामाच्या सुरुवातीला नवी घ्या, किंमत नगण्य आहे. घासपट्टीने घासताना ट्यूबवरची शिवणीची उंच रेघ सपाट होईपर्यंत घासा, तिथूनच हवा निसटते. सोल्यूशन लावून लगेच ठिगळ दाबू नका. पाचेक मिनिटं थांबा, बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच दाबा. रस्त्यावर घाईत हेच चुकतं, म्हणून माझा आग्रह असा की वाटेत ट्यूब बदलावी आणि ठिगळाचं काम घरी करावं. स्टिकरसारखी चिकटणारी ठिगळं घरी पोचण्यापुरती ठीक. मे महिन्यात गच्चीवर उभ्या असलेल्या सायकलवर त्यांचा डिंक मऊ होऊन सरकतो.

गावातला पंचरवाला भाऊ ठिगळ उत्तम लावतो, त्याबद्दल शंका नाही. पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं असतं. प्रेस्टावर बसणारा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. आणि टायर आतून बघा असं त्याला सांगा, नाहीतर तो ट्यूबचं काम करून मोकळा होतो.

ट्यूबलेस केलं की सुटलो?

बऱ्याच अंशी हो. काटेरी रस्त्यांवर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला, थेट रिमवर हवा धरणारा टायर) आणि सीलंट याला पर्याय नाही असंच मी म्हणेन. पण इथे दुखणं वेगळ्या तऱ्हेने परत येतं.

सीलंट म्हणजे द्रवात तरंगणारे लेटेक्सचे कण, सोबत बारीक तंतू किंवा दाणे. छिद्रातून हवा बाहेर पडते तेव्हा ते तिथे अडकून गोठतात. त्यातला द्रव उडाला की उरतं ते रबराचं कातडं आणि गोळे. कंपन्या सहसा दोन ते सहा महिन्यांची मुदत सांगतात, आणि कोरड्या उष्ण हवेत ती कमी धरा असंही सांगतात. नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे कोरडी उष्ण हवा याची व्याख्याच. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. (२०२४ च्या मेअखेरीस ५६ अंशांची बातमी फिरली होती, तो बिघडलेल्या सेन्सरचा प्रताप निघाला.) त्यामुळे दिवाळीत टाकलेलं सीलंट होळीनंतर तपासलंच पाहिजे, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला. चाक काढून कानाजवळ हलवा. आत द्रव सळसळला तर ठीक, आवाज नाही किंवा गोळा गडगडतो तर संपलं. ७०० बाय ४० च्या (म्हणजे ४० मिमी रुंद) टायरला साधारण ६० मिली लागतं, आपल्याकडे काट्यांचा हिशेब धरून थोडं जास्तच टाका. 'ऑरेंज सील' नावाचं एक सीलंट आहे, त्याचा संत्रानगरीशी काही संबंध नाही, कुणी दुकानात अभिमानाने विचारू नये.

ट्यूबलेसमध्ये काटा दिसला तर रस्त्यावर उपटू नका. तोच बूच असतो. उपटायचाच असेल तर सीलंट ताजं असल्याची खात्री करा, काढून लगेच छिद्र खाली येईल असं चाक फिरवा आणि दोन मिनिटं तसंच ठेवा. फेस येऊन थांबला की काम झालं. थांबला नाही तर रबरी दोरी भरायची सुई हवी. ट्यूब असलेल्या चाकाला हा नियम उलटा, तिथे दिसलेला काटा थांबून काढा.

आता या प्रकरणातला सगळ्यात वाईट प्रसंग. ट्यूबलेस टायर चिरला, सीलंट धरेना, म्हणून तुम्ही जवळची ट्यूब आत टाकली. पंधरा मिनिटांत तीही बसली. दुसरी टाकली, तीही गेली. कारण सरळ आहे. सीलंटने गेल्या कित्येक महिन्यांत जे काटे मुकाट्याने पचवले ते सगळे टायरच्या आत टोकं वर करून उभे असतात. ट्यूबलेसला त्यांचा त्रास नव्हता, ट्यूबला मात्र तो टायर म्हणजे किसणी. म्हणून ट्यूब टाकण्याआधी सीलंट फडक्याने पुसून घ्या आणि आतून संपूर्ण गोल तपासा, एकेक टोक चिमट्याने काढा. ओल्या सीलंटमध्ये कापूस चिकटून बसतो, तिथे जुन्या मोज्याचा तुकडा बरा. हे माहीत नसल्यामुळे खेकरानाल्याच्या बाजूला जवळच्या सगळ्या ट्यूबा संपवून टेम्पोने परतणारे लोक असतात.

हवा आणि ऊन

'उन्हात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवतो' हे वाक्य गटात कुणीतरी म्हणतंच. हिशेब करून बघा. २५ अंशांना ४० पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर ४५ अंशांना साधारण ४४ पर्यंत जातो. काळं रबर थेट उन्हात ६५ अंशांपर्यंत तापलं तरी ४७-४८. टायरच्या कडेला लिहिलेल्या कमाल दाबाशी ताडून बघा, सहसा तो याच्या वरच असतो. उभ्या उभ्या टायर फुटला तर बहुधा बसवताना ट्यूब टायरच्या कडेखाली चिमटली होती, आणि गरमीने तिला निमित्त मिळालं.

उलट कमी हवेने नुकसान होतं. पश्चिमेला काटोल-कोंढाळीकडे काळ्या खडकाचा मुरूम आहे, तो बराचसा गोलसर दबतो. रामटेक, मनसरकडे खडक बदलतो, गारगोटीचे पांढरे तुकडे रस्त्यात वर आलेले असतात आणि त्यांना धार असते. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने ४० मिमी टायरवर ट्यूब असेल तर ४० ते ४५, ट्यूबलेस असेल तर ३२ ते ३८ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि मागच्या चाकाला दोन जास्त ठेवावेत. त्याखाली मऊ वाटतं खरं, पण रिमवर ठोके बसतात आणि ट्यूबलेसच्या कडेतून वळणावर हवा निसटते. ती निसटलेली हवाही घरी आल्यावर 'स्लो पंक्चर' म्हणून नोंदली जाते.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो: काळ्या मातीच्या पांदणीत शिरूच नका. पंक्चरचा प्रश्नच येणार नाही, चाकच फिरणार नाही.

जंगलाच्या कडेला

पारशिवनीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, रस्ते पेंचच्या जंगलाला लागून जातात. तिथे हळूहळू हवा जात असेल तर काटा शोधत रस्त्याकडेला बसू नका, विशेषतः सकाळी लवकर किंवा दिवस कलताना. हवा भरा, पुढच्या गावापर्यंत या, पुन्हा भरा. वाघाचं क्षेत्र आहे, आणि वाकून बसलेला माणूस हा उभ्या माणसासारखा दिसत नाही. अशा वेळी हातपंप सिलिंडरपेक्षा कामाचा, कारण तो संपत नाही.

सगळं करूनही बसतंय

टायर साफ केला, टेप बघितली, व्हॉल्व्ह आवळला, ठिगळ धरलं, तरी तेच चाक बसतं. मग पुढची आणि मागची ट्यूब एकमेकांत बदला, टायर आणि रिम मात्र जिथल्या तिथे राहू द्या. दुखणं ट्यूबबरोबर दुसऱ्या चाकावर गेलं तर ट्यूब बाद करा, तिच्यात शिवणीजवळ किंवा व्हॉल्व्हच्या मुळाशी असं छिद्र आहे जे फुगवल्यावरच उघडतं. दुखणं त्याच चाकाला राहिलं तर मागच्या आणि पुढच्या टायरची अदलाबदल करून पुन्हा एक रात्र बघा. टायरबरोबर गेलं तर टायरमध्ये अजून टोक आहे. कापसाने पुन्हा फिरवा, आणि दोनदा फिरवूनही सापडलं नाही व टायरचा मधला भाग झिजून गुळगुळीत झाला असेल तर नवा घ्या, या वेळी काटारोधक पट्टा असलेला, जड असला तरी. रिमलाच चिकटून राहिलं तर टेप पूर्ण काढून रिमच्या आतून आणि व्हॉल्व्हच्या भोकाच्या कडेवर बोट फिरवा. खरखरीत कड लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नवी टेप दोन फेरे लावा आणि त्याच ट्यूबने रात्रभर ठेवून बघा.